पॉल लँगरहान्स : स्वादुपिंडाची सूक्ष्म रचना पाहणारा विद्यार्थी

आमच्या कसारा, शहापूर व मुरबाड भागातील घरांत मधुमेह हा शब्द आता परका राहिलेला नाही. भाताच्या खाचरांत उभा जन्म राबलेला मनुष्यही उतारवयात एके दिवशी दवाखान्यातून परत येतो आणि आपल्या रक्तात साखर वाढल्याचे घरच्यांस सांगतो. अशा वेळी घरातील मुलाने शरीरशास्त्राचे पुस्तक उघडून पाहिले, तर त्यात स्वादुपिंड नावाच्या इंद्रियाचे चित्र सापडते, आणि चित्राच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवून लँगरहान्सची बेटे असे लिहिलेले असते. समुद्रातील बेटे भूगोलात शिकलेली असतात. पोटातील ही बेटे कसली, आणि ज्याच्या नावाने ती ओळखली जातात तो मनुष्य कोण, हे पुस्तक सांगत नाही. ते सांगण्याचा यत्न आम्ही या लेखात करणार आहोत. एक गोष्ट मात्र आरंभीच नमूद केली पाहिजे. ही बेटे शोधण्यासाठी लँगरहान्स निघालेच नव्हते. ते निघाले होते अन्न पचविणारा रस तयार करणाऱ्या ग्रंथीची घडण पाहावयास. ते काम त्यांनी उत्तम केले, आणि आमच्या मते त्याच कामाचा जगास विसर पडला आहे.

पॉल लँगरहान्स यांचा जन्म २५ जुलै १८४७ रोजी जर्मनीतील बर्लिन शहरी झाला. वडिलांचे नावही पॉलच. ते त्या शहरातील नामांकित डॉक्टर असून नगराच्या कारभारातही पुढारी होते. आई पॉलच्या लहानपणीच वारली. वडिलांनी पुढे दुसरा विवाह केला व त्या विवाहापासून झालेले दोन मुलगेही वैद्यकाकडेच वळले. तेव्हा वैद्यक हा या घराचा कुलधर्मच होता असे म्हणावयास हरकत नाही. पॉलचे शालेय शिक्षण बर्लिनमधील एका फार जुन्या विद्यालयात झाले. ही शाळा पूर्वीच्या एका मठाच्या इमारतीत भरत असे, व त्या मठावरूनच तिला नाव पडले होते. शाळा संपवून १८६५ साली ते येना येथील विद्यापीठात गेले. तेथे एर्न्स्ट हेकेल हे प्राणिशास्त्र शिकवीत. समुद्रातील क्षुद्र जीवांचे सौंदर्य दाखविण्यात हेकेल यांचा हातखंडा होता. या शिकवणुकीचा उपयोग लँगरहान्स यांस आयुष्याच्या शेवटी कसा झाला, ते पुढे येईलच. येनाहून ते बर्लिनला परतले आणि रुडॉल्फ व्हिर्खो यांच्या संस्थेत दाखल झाले.

व्हिर्खो हे त्या काळी वैद्यकशास्त्रातील मोठेच प्रस्थ होते. प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्म घेते व रोगाचे मूळ पेशींतच शोधले पाहिजे, हा सिद्धान्त त्यांनी १८५८ साली ग्रंथरूपाने जगापुढे मांडला होता. त्यांचे गुरू योहानेस म्यूलर यांनी १८३० साली निरनिराळ्या प्राण्यांच्या ग्रंथी भिंगाखाली तपासून असे दाखविले होते की, रस स्रवणाऱ्या ग्रंथींच्या नलिका दुसऱ्या टोकास बंद असतात. रक्तवाहिन्या त्यांत उघडत नाहीत. म्हणजे रक्त गाळून रस होत नाही, तर नलिकेच्या भिंतीतील पेशी तो स्वतः घडवितात. म्यूलर यांच्यापासून व्हिर्खो यांच्याकडे व त्यांच्यापासून आमच्या चरित्रनायकाकडे ही विद्या अशी गुरुपरंपरेने आली.

पुढील हकीकत नीट समजण्यासाठी ग्रंथी म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. शरीरातील ज्या पेशी रक्तातून आपणास हवे ते द्रव्य घेऊन त्यापासून एखादा विशिष्ट रस तयार करितात व तो बाहेर सोडतात, त्यांच्या समुदायास ग्रंथी म्हणतात. हा रस नलिकेच्या वाटे त्वचेवर, अथवा तोंड, जठर, आतडे यांसारख्या पोकळीत जाऊन पडत असेल, तर ती ग्रंथी बाह्यस्रावी होय. चैत्र-वैशाखात घाटाची पाऊलवाट चढताना अंगावरून निथळणारा घाम, कच्ची चिंच नुसती पाहताच तोंडास सुटणारे पाणी, चुलीच्या धुराने डोळ्यांतून येणारी आसवे, गोठ्यातील म्हशीचे दूध, ही सारी बाह्यस्रावी ग्रंथींची करणी आहे. रस पुष्कळ, पण तो घडविणाऱ्या पेशींची तऱ्हा निराळी. लाळेच्या ग्रंथीच घ्या. कानापुढे असलेल्या ग्रंथीच्या पेशी पाण्यासारखी पातळ लाळ तयार करितात. रंग देऊन सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरल्या असता त्या गडद दिसतात, त्यांचे केंद्रक वाटोळे असते व माथ्याकडील भागात बारीक दाणे भरलेले असतात. जिभेखालील ग्रंथीतील बहुतेक पेशी बुळबुळीत लाळ तयार करितात. त्या फिकट दिसतात आणि त्यांचे केंद्रक तळाशी चेपून बसलेले असते. जबड्याखालच्या ग्रंथीत दोन्ही जातीच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. रस बाहेर सोडण्याची रीतही एक नाही. लाळेची अथवा घामाची पेशी आपला माल बाहेर टाकून स्वतः शाबूत राहते. दुधातील स्निग्धांश बाहेर पडताना पेशीच्या माथ्याचा अल्पसा अंश त्याबरोबर जातो. आणि केसांच्या मुळाशी जे तेलकट द्रव्य झिरपते, ते तयार करणारी पेशी तर स्वतःच फुटून त्या द्रव्यात मिसळून जाते. आमच्या शाळेच्या यंत्राखाली कांद्याचा पापुद्रा पाहिलेल्या विद्यार्थ्यांस पेशी म्हणजे एकसारख्या विटांची भिंत असे वाटत असेल, तर त्यांनी हा भेद अवश्य ध्यानात घ्यावा.

बर्लिनमधील प्रयोगशाळेत आलेल्या लँगरहान्स यांनी प्रथम हात घातला तो ग्रंथींस नव्हे, तर मनुष्याच्या त्वचेस. विद्यापीठाने विद्यार्थ्यांकरिता एक स्पर्धा ठेविली होती. त्वचेतील मज्जातंतू शेवटी कोठे जातात, हा प्रश्न त्यांनी घेतला. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात त्वचेचा तुकडा भिजविला असता काही सूक्ष्म घटक काळे पडून उठून दिसतात, ही युक्ती त्यांस तेथील युलियस कोनहाइम यांजकडून मिळाली होती. अशा तुकड्यात त्यांस बाह्यत्वचेच्या थरांत फांद्या फुटलेल्या, ताऱ्यासारख्या काही पेशी आढळल्या. त्या मज्जासंस्थेच्याच असाव्यात असा त्यांनी तर्क केला व १८६८ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. तर्क चुकला होता. परंतु आकृती व वर्णन इतके बिनचूक होते, की त्या पेशींस आजही त्यांचेच नाव आहे.

यानंतर पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी स्वादुपिंड निवडले. हे इंद्रिय जठराच्या मागे आडवे पडलेले असते. त्यातून आतड्याकडे जाणारी मुख्य नलिका पादुआ येथे विरसुंग याने १६४२ साली मानवी देहात पाहिली होती. तिच्यातून येणारा रस स्निग्ध पदार्थ पचवितो, हे फ्रान्समधील क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध केले होते. नलिका ठाऊक, रसही ठाऊक. पण या दोहोंच्या मागे जी पेशींची वस्ती होती, तिची धड पाहणी कोणी केली नव्हती. हे इंद्रिय मऊ असते आणि प्राणी मेल्यावर आपल्याच पाचकरसाने लवकर विरघळू लागते, यामुळे ते हाताळणे मोठे जिकिरीचे. लँगरहान्स यांनी मुख्यत्वे सशाचे स्वादुपिंड घेतले. सशाचे स्वादुपिंड मनुष्यासारखे गोळाबंद नसून आतड्याच्या पडद्यात पातळ पसरलेले असते, त्यामुळे त्यातून प्रकाश आरपार जातो. ही निवड आम्हांस फार मार्मिक वाटते. योग्य प्राणी हाती आला की अर्धे काम होते.

त्यांनी केले काय, ते आमच्या वाचकांस एका दृष्टान्ताने सांगता येईल. पावसाळ्यात कसाऱ्याच्या डोंगरांवर किती ओहोळ उतरतात, ते येथील मुलांस ठाऊकच आहे. ओहोळांचे ओढे होतात, ओढे भातसा नदीस मिळतात आणि ते पाणी शेवटी उल्हास नदीच्या खोऱ्यात जाते. आता अशी कल्पना करा, की एखाद्याने नदीच्या मुखाशी निळा रंग ओतला आणि तो उलट्या दिशेने वर चढत प्रत्येक ओढ्यात, प्रत्येक ओहोळात, अगदी डोंगराच्या माथ्यावरील झऱ्यापर्यंत जाऊन पोहोचला. नदी प्रत्यक्षात असे करू देणार नाही; पण लँगरहान्स यांनी सशाच्या स्वादुपिंडात हेच करून दाखविले. मुख्य नलिकेत त्यांनी निळा रंग पिचकारीने हलकेच भरला. तो रंग लहान लहान शाखांत शिरत शिरत जेथे थांबला, तेथे पेशींचे वाटोळे पुंजके होते. अशा पुंजक्यास आपण पुटिका म्हणू. द्राक्षाच्या घडात देठाच्या टोकास जसा मणी, तशी नलिकेच्या टोकास पुटिका. प्रत्येक पुटिकेच्या पेशी मध्यभागीच्या चिमुकल्या पोकळीकडे माथा करून बसलेल्या असतात, आणि निळा रंग त्या पोकळीपर्यंत पोहोचल्यामुळे रसाचा झरा नेमका कोठे उगम पावतो हे डोळ्यांस दिसले.

पुटिकेतील प्रत्येक पेशीचा पोकळीकडील भाग दाणेदार व बाहेरील भाग स्वच्छ असतो, हा भेद त्यांनी टिपला. शिवाय पुटिकेच्या अगदी मध्यभागी त्यांस आणखी एक निराळी, लहान व फिकट पेशी दिसली. तिच्यात दाणे नव्हते. नलिकेच्या आतील अस्तरच जणू थोडे पुढे सरकून पुटिकेत शिरले आहे, अशी तिची ठेवण होती. बाह्यस्रावी ग्रंथींत स्वादुपिंडाची पुटिका ओळखण्याची ही खूण आजचे विद्यार्थीही वापरतात. कानापुढील लाळग्रंथी व स्वादुपिंड यांचे तुकडे यंत्राखाली जवळजवळ सारखेच दिसतात, पण ही मध्यवर्ती पेशी आढळली की संशय उरत नाही. ही पेशी व बारीक नलिकांच्या भिंती मिळून रसात सोड्यासारखा क्षार मिसळतात, ज्यायोगे जठरातून आलेल्या अन्नाचा आंबटपणा मारला जातो. हे ज्ञान मात्र पुष्कळ नंतरचे.

इतके झाल्यावर एक गोष्ट उरली, आणि ती लपवून ठेवण्याचा मोह एखाद्या कमी प्रामाणिक माणसास खचित झाला असता. पुटिकांच्या गर्दीत जागोजागी निराळ्याच पेशींचे लहान लहान ढीग विखुरले होते. या पेशी बारीक, अनेककोनी, स्वच्छ, दाणे नसलेल्या होत्या. ढिगाचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून जवळजवळ चौथ्या भागापर्यंत. या ढिगांचे काम काय? ते कशाशी जोडलेले आहेत? तरुण लँगरहान्स यांनी त्यांचा आकार मोजला, ठिकाणे नोंदली, सशात त्यांच्याभोवती मज्जातंतूंची दाटी आहे असे सांगितले, आणि कार्याविषयी आपणांस काही समजलेले नाही असे स्वच्छ लिहून टाकले. हा प्रबंध १८६९ सालच्या फेब्रुवारीत सादर झाला. पदवी मिळाली, आणि ते ढीग तसेच राहिले. आपल्या दृष्टान्ताच्या भाषेत सांगावयाचे, तर ही अशी टेकाडे होती की ज्यांच्यावरून एकही ओहोळ उतरत नव्हता. आज आपणांस ठाऊक आहे, की त्यांचा रस नलिकेत जातच नाही. तो थेट रक्तात मिसळतो. पण १८६९ साली रक्तात रस सोडणाऱ्या ग्रंथींची कल्पनाच अद्याप बाल्यावस्थेत होती. प्रश्न विचारण्यास लागणारे शब्दच जर जवळ नसतील, तर उत्तर कोठून सापडावे?

पदवीनंतरची काही वर्षे धामधुमीची गेली. १८७० साली ते एका भूगोलज्ञाबरोबर सीरिया व पॅलेस्टाइनच्या प्रवासास गेले आणि तेथे त्यांनी महारोग्यांची पाहणी केली. इतक्यात फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. लँगरहान्स स्वदेशी परतले व जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी निघालेल्या पथकात दाखल झाले. युद्ध संपताच १८७१ साली नैर्ऋत्य जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात त्यांची नेमणूक झाली. शवांचे विच्छेदन करून रोगाची कारणे ठरविणे व विद्यार्थ्यांस शिकविणे हे त्यांचे काम. लवकरच ते प्राध्यापक झाले. त्वचेच्या दाणेदार थरावरील त्यांचा लेख १८७३ चा. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांच्यापुढे मोठी कारकीर्द हात जोडून उभी होती.

१८७४ साली त्यांस क्षयाने गाठले. रोज मृतदेहांत हात घालणाऱ्या माणसास तो कोठून जडला असेल, याची कल्पना आज कोणीही करील. परंतु क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगास दाखविले ते १८८२ साली, आणि त्यावर खरे औषध सापडले ते विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. तोवर वैद्यांच्या हाती एकच उपाय होता, आणि तो म्हणजे हवापालट. आपल्याकडेही पाचगणीस १९१२ साली डॉक्टर बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले, ते याच समजुतीने. लँगरहान्स नेपल्सला गेले, कॅप्री बेटावर राहिले, स्वित्झर्लंडमधील दावोसच्या थंड डोंगरांतही जाऊन आले. कोठेच उतार पडेना. शेवटी १८७५ साली ते मादेइरा बेटावर जाऊन पोहोचले.

मादेइरा हे आफ्रिकेच्या वायव्येस अटलांटिक महासागरात असलेले पोर्तुगीजांचे बेट. आमच्या ठाणे-वसईवर १७३९ पर्यंत ज्यांचा अंमल होता, तेच हे पोर्तुगीज. तेथील हवा बारमाही समशीतोष्ण असल्यामुळे युरोपातील क्षयरोगी तेथे येऊन राहत. लँगरहान्स यांस तेथे काहीसा आराम पडला, इतका की परत जाऊन अध्यापन सुरू करण्याची आशा त्यांनी धरली होती. ती फळास आली नाही. फ्रायबुर्गची जागा सोडावी लागली. अट्ठाविसाव्या वर्षी विद्यापीठ, प्रयोगशाळा, मित्र व गुरू या सर्वांस अंतरून एक माणूस समुद्राच्या मध्यभागी एका खडकाळ बेटावर बसला होता. दुसरा कोणी असता तर नशिबास दोष देत दिवस कंठीत राहिला असता. यांनी काय केले? कोळ्यांकडून समुद्राच्या तळचा गाळ व शेवाळ यांतील किडे मिळविले आणि सूक्ष्मदर्शक यंत्र पुन्हा मेजावर मांडले.

येना येथील हेकेल यांचे धडे येथे उपयोगी पडले. मादेइराच्या समुद्रातील किड्यांविषयी त्यांनी १८७९ पासून पुढे काही वर्षे लेख प्रसिद्ध केले. कित्येक जाती शास्त्रास नव्या होत्या. त्यांतील एका कुळास त्यांनी आपल्या गुरूच्या नावावरून व्हिर्खोविया असे नाव दिले. गुरूचे नाव एका समुद्री किड्यास देण्यात थट्टा होती की भक्ती, हे आम्ही वाचकांवर सोपवितो. आमचा कौल दोहोंकडे आहे. प्रकृती सावरल्यावर त्यांनी फुंशाल या राजधानीच्या गावी वैद्यकी सुरू केली. रोगी बहुतेक त्यांच्यासारखेच, हवापालटास आलेले क्षयी. त्या रोगाविषयी त्यांनी लेख लिहिले, आणि १८८५ साली मादेइराविषयी एक माहितीपुस्तकही प्रसिद्ध केले. दूरदेशाहून खोकत खोकत येणाऱ्या परक्या माणसास तेथील हवेची व राहणीची माहिती हवी, ही गरज त्यांच्याइतकी कोणास कळणार?

त्याच वर्षी त्यांनी विवाह केला. वधू मार्गारेटे एबार्ट ही त्यांच्याच एका दिवंगत रोग्याची विधवा पत्नी होती. हा संसार अवघा तीन वर्षांचा झाला. १८८७ च्या शरद ऋतूपासून त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. पायांवर सूज आली, डोके सतत दुखू लागले, स्मरणशक्ती दगा देऊ लागली. २० जुलै १८८८ रोजी ते फुंशाल येथे निवर्तले. चाळिसावे वर्ष सरून एकेचाळिसावे संपावयास पाच दिवस उणे होते. तेथीलच इंग्रजांच्या स्मशानभूमीत त्यांस पुरण्यात आले. ती जागा त्यांनी स्वतः पसंत करून ठेविली होती.

यापुढील हकीकत त्यांच्या देहाची नव्हे, तर त्यांनी पाहिलेल्या पेशींची आहे. तिच्यातील बाह्यस्रावी ग्रंथीचा भाग ते हयात असतानाच पुढे सरकला होता. ब्रेस्लाउ येथील रुडॉल्फ हाइडेनहाइन यांनी १८७५ साली असे दाखविले की, उपाशी प्राण्याच्या पुटिकेतील पेशी दाण्यांनी ओतप्रोत भरलेल्या असतात आणि अन्न खाल्ल्यानंतर ते दाणे कमी होत जातात. पुढे विश्रांती मिळाली की पुन्हा भरतात. सुगीत भरलेली कणगी जशी पावसाळ्यात रिकामी होते व पुढल्या सुगीत पुन्हा भरते, तसेच हे. अर्थात लँगरहान्स यांनी टिपलेला दाणेदार भाग म्हणजे पाचकरसाचे कोठारच होय. हे दाणे कसे तयार होतात, याचा संपूर्ण माग जॉर्ज पॅलाडे यांनी विसाव्या शतकात अमेरिकेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने काढला, आणि त्यासाठी त्यांनी निवडली तीच स्वादुपिंडाची पुटिका, गिनीपिग या प्राण्याची. पेशीच्या तळाकडे प्रथिने घडतात, मध्यभागी त्यांची बांधाबांध होते, माथ्याकडे दाण्यांच्या रूपाने ती साठतात आणि योग्य वेळी पोकळीत सोडली जातात. या संशोधनाबद्दल पॅलाडे यांस १९७४ साली दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याचे स्वादुपिंड असा रस रोज सुमारे दीड लिटर तयार करिते. मांस पचविणारा हा जहाल रस ज्या पेशीत तयार होतो, तिलाच तो खाऊन कसा टाकीत नाही, असे कोणी विचारील. उत्तर असे की, तो तेथे निष्क्रिय रूपात असतो व आतड्यात पोहोचल्यावरच जागा होतो. क्वचित तो आधीच जागा झाला तर स्वादुपिंडास भयंकर दाह होतो. अतिरिक्त मद्यपान हे त्याचे एक ठळक कारण आहे.

आता त्या ढिगांकडे वळू. लँगरहान्स यांच्या मृत्यूनंतर एकाच वर्षाने, १८८९ साली, स्ट्रासबुर्ग येथे फॉन मेरिंग व मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. कुत्र्यास मधुमेह झाला. परंतु नुसती नलिका बांधून रस आतड्यात जाऊ दिला नाही, तर मधुमेह होत नसे. याचा अर्थ स्वादुपिंडात असे काहीतरी होते, जे नलिकेवाचून रक्तात जाते. १८९३ साली फ्रान्समधील लागेस यांनी, हे काम त्या विखुरलेल्या ढिगांचे असावे असा अंदाज केला आणि त्यांस लँगरहान्सची बेटे असे नाव दिले. ज्याच्या नावाने ही बेटे प्रसिद्ध झाली, तो स्वतः पाच वर्षांपूर्वीच एका बेटावर चिरनिद्रा घेत होता.

अंदाज झाला, पण बेटांतील द्रव्य हाती येईना. स्वादुपिंड वाटून अर्क काढावा, तर पुटिकांतील पाचकरस त्या द्रव्याचाच फडशा पाडी. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी यावर तोड काढावयाची ठरविली. कुत्र्याची नलिका बांधून ठेविली की काही आठवड्यांत पुटिका झिजून जातात, बेटे मात्र शाबूत राहतात. मग जे उरेल त्याचा अर्क काढावयाचा. म्हणजे बाह्यस्रावी व अंतःस्रावी भाग वेगळे आहेत, या लँगरहान्स यांच्या डोळ्यांनी पाहिलेल्या भेदावरच तो सारा प्रयोग उभा होता. पुढे मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत कोलिप यांनी हा अर्क शुद्ध करण्याची रीत बसविली. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलास पहिले इंजेक्शन देण्यात आले. ते नीट लागू पडले नाही. बारा दिवसांनी अधिक शुद्ध अर्क दिला, आणि मरणाच्या दारी असलेला तो मुलगा उठून बसला. त्या द्रव्यास इन्सुलिन हे नाव मिळाले. लॅटिन भाषेत बेटास जो शब्द आहे, त्यावरून ते बनविलेले आहे. बेटांचे एकंदर वजन सबंध स्वादुपिंडाच्या शेकडा एक ते दोनच भरते. बाकी सारी बाह्यस्रावी ग्रंथी. आमच्या घरांतील वडील मंडळी आज जे इंजेक्शन टोचून घेतात, ते या शेकडा एक-दोन भागाची उणीव भरून काढण्यासाठी.

त्वचेतील त्या तारकाकृती पेशींचे काय झाले, हे सांगणे राहिलेच. शंभर वर्षे त्यांस कोणी मज्जापेशी म्हणे, तर कोणी झिजलेल्या रंगपेशी म्हणे. १९७० नंतरच्या संशोधनात असे ठरले की त्या त्वचेच्या पहारेकरी आहेत. बाहेरून आत शिरणाऱ्या परक्या द्रव्यास पकडून त्याची वर्दी त्या शरीराच्या संरक्षक पेशींस देतात. तेव्हा शरीरशास्त्राच्या ग्रंथात लँगरहान्स हे नाव दोन अगदी निरनिराळ्या प्रकरणांत येते, एक त्वचेच्या व एक स्वादुपिंडाच्या. ती दोन माणसे नसून एकच विद्यार्थी होता व दोन्ही कामे त्याने बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी उरकली होती, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

याउलट क्षयाच्या गाठींत अनेक केंद्रकांची एक मोठी पेशी आढळते. तिचे नाव उच्चारात इतके जवळचे आहे, की वैद्यकाचे विद्यार्थीही परीक्षेत ती लँगरहान्स यांच्याच नावावर घालतात. क्षयाने ज्यांचे आयुष्य अर्ध्यावर मोडले, त्यांच्या नावाशी ही पेशी सहज जुळते खरी. पण ती लँगहान्स पेशी होय. तेओडोर लँगहान्स हे दुसरेच जर्मन शास्त्रज्ञ. ते १८३९ साली जन्मले व १९१५ पर्यंत जगले.